पडद्यावरची ओढ आणि नकाराचा हक्क



प्रौढांसाठीच्या कामचित्रपटांवर व्याख्यानमालेत बोलावे का, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून याच महाराष्ट्रात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, स्त्रीलाही कामेच्छा असते हे उघडपणे मांडले आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यासाठी न्यायालयात उभे राहिले. आपल्याला हा विषय परका मानता येणार नाही.

या चित्रपटांत एखादे दृश्य जिवंत वाटले, की प्रेक्षक म्हणतो, ‘दोघांची केमिस्ट्री जमली.’ जणू ती नशिबाने जमते! माझे म्हणणे असे, की तिच्यासाठी आधी जमीन तयार करावी लागते, आणि स्त्रीला नकार देता येणे ही त्यातली पहिली अट आहे. जिला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, तिच्या होकारात ओढ शोधणे व्यर्थ आहे. कँडिडा रोयाल यांचे उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेत अशा चित्रपटांत कामे केली. पुढे १९८३ मध्ये न्यूयॉर्कला याच व्यवसायातल्या काही जणींसोबत त्यांनी ‘क्लब ९०’ हा परस्परांना आधार देणारा गट उभारला आणि १९८४ मध्ये ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची संस्था काढली. त्यांनी बदल केले ते कामाच्या रीतीत. पुरुषाच्या स्खलनाचे दृश्य दाखवून प्रसंग संपवायचा, हा धंद्याचा ठरलेला शिरस्ता होता. तो त्यांनी मोडला. कॅमेरा चेहऱ्यावर, हातांवर रेंगाळू लागला, स्पर्शाला अवधी मिळाला. खऱ्या आयुष्यातल्या जोडप्यांना त्या आवर्जून भूमिका देत. स्त्रीची इच्छा कथेच्या केंद्रस्थानी आली.

याने खरेच फरक पडतो का? अ‍ॅमस्टरडॅममध्ये एलेन लान आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे मोलाचा आहे. स्त्रियांना दोन चित्रपटांतले अंश दाखवले: एक पुरुषाने बनवलेला, दुसरा स्त्रीने बनवलेला आणि स्त्रीचा पुढाकार असलेला. शरीराचा प्रतिसाद दोन्ही वेळा जवळपास सारखाच होता. मात्र मनाला जाणवलेली उत्तेजना दुसऱ्या वेळी अधिक होती, आणि पहिल्याने लाज, अपराधीपणा, किळस जागवली. देह प्रतिसाद देतो म्हणून मनही राजी आहे, असे मानता येत नाही, हा यातला धडा.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप अभिनेत्री लिंडा बोरमन यांच्या आयुष्यातूनच उभा राहतो. १९७२ च्या ‘डीप थ्रोट’ या कामचित्रपटातला त्यांचा चेहरा लाखोंना आनंदी वाटला, पण १९८० मध्ये त्यांनी आत्मकथनात सांगितले, की नवऱ्याने मारहाण करून, धमकावून ते काम करून घेतले होते. म्हणजे पडद्यावरची ओढ हा संमतीचा पुरावा नव्हे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यानेच माझा मुद्दा बळकट होतो: चेहरा वाचून भागत नाही, करार वाचावा लागतो. जोडीदार कोणी निवडला? काय करणार नाही, हे आधी ठरले होते का? मधेच थांबले तरी मोबदला मिळणार होता का?

दुसरा आक्षेप असा, की ‘स्त्रीच्या इच्छेचा’ हा नवा शिक्काही बाजाराचाच आहे, आणि खऱ्या वासनेची मागणी म्हणजे कलावंत स्त्रीवर आणखी एक ओझे. यात तथ्य आहे. अभिनय हे काम आहे. मनातली भावना सिद्ध करून दाखवण्याची सक्ती कोणत्याच कामात नसावी. म्हणूनच मागणी भावनेची नको, अटींची हवी. याच व्यवसायावरच्या ‘द ड्यूस’ या मालिकेत अभिनेत्री एमिली मीड यांनी अशीच मागणी केली. २०१८ मध्ये एचबीओ या वाहिनीने तिथे जवळिकीच्या प्रसंगांसाठी समन्वयक नेमला आणि पुढे आपल्या इतर मालिकांनाही तो नियम लावला. तिथली जवळीक तर निव्वळ अभिनयाची होती. जिथे ती प्रत्यक्ष घडते, तिथे याहून कमी संरक्षण कोणत्या न्यायाने चालावे?

स्त्रीची इच्छा पाहायला आवडते, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने तिचा नकारही तितक्याच आदराने मानला पाहिजे.