उन्हाळ्याची सुटी आणि मावशींचा पगार



आजच्या विषयाला कोणी घरगुती विषय म्हणेल. पण ज्या व्यवहारात एकाचा पैसा आणि दुसऱ्याचा घाम असतो, तो नुसता घरगुती राहत नाही. माळशिरस, अकलूज, नातेपुते येथे आज कितीतरी घरांत नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात. त्यांची मुले ज्या बाई सांभाळतात, त्यांना आपण मावशी म्हणतो. शाळा चालू असताना हे काम मुले शाळेतून आल्यापासून आई घरी येईपर्यंतचे, समजा चार तासांचे असते. मे महिन्यात शाळेला सुटी लागली की तेच काम सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, म्हणजे नऊ तासांचे होते. पगार मात्र अनेकदा तोच राहतो. फार झाले तर "यंदा पाचशे जास्त घ्या," एवढ्यावर भागवले जाते.

माझी नोकरी बँकेतली, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. उदाहरणादाखल असे धरा की रोज चार तास, महिन्याचे २६ दिवस आणि पगार ३,००० रुपये. तास झाले १०४, म्हणजे तासाला सुमारे २९ रुपये पडले. सुटीत रोजचे पाच तास वाढले, म्हणजे महिन्याला १३० तास जादा. जुन्याच दराने त्यांचे ३,७५० रुपये होतात. आपण देतो ५००. म्हणजे जादा तासाला चार रुपयेसुद्धा पडत नाहीत!

कोणी म्हणेल, मुले टी.व्ही. बघत बसतात, दुपारी झोपतात, त्यात काम ते काय? बांधवांनो, रात्रभर चोर आला नाही म्हणून राखणदाराचा पगार कोणी कापत नाही. त्या नऊ तासांत मावशींना घर सोडून कुठे जाता येत नाही, दुसरे काम धरता येत नाही, हीच त्या वेळेची किंमत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला आणि जादा कामाला दुप्पट दराचे तत्त्व कायद्यात आले. आम्हा बँक कारकुनांनाही जादा थांबल्याचा मोबदला मिळतो. पण घराच्या उंबऱ्यापाशी हे तत्त्व अडते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढीसाठी आणि सुट्यांसाठी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षांच्या कामगारांना त्यात नोंदणी करता येते, आणि ती जरूर करावी. परंतु सुटीतील जादा तासांचा दर काही त्या नोंदणीने ठरत नाही. तो आपणच ठरवायचा आहे.

परदेशात 'ऑ पेअर' नावाची पद्धत आहे. दुसऱ्या देशातील तरुण मुलगी कुटुंबात राहते, मुले सांभाळते आणि राहणे-जेवण व खर्चाला पैसे घेते. तीही घरच्यासारखीच मानली जाते. तरी अमेरिकेत तिच्या कामाला दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तासांची मर्यादा आहे. घरच्यासारखी मानली म्हणून तास मोजायचे थांबत नाहीत.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात सेवा करणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुटी देणे. आपण गोडधोड आनंदाने देतो, पण वेतन आणि सुटीपाशी हात आखडतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांना सुटी लागते, तेव्हा मावशींच्या मुलांनाही लागते. ती कोणाकडे असतात? कधी थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते, कधी आईच्या बदली तीच कामावर येते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. योग्य पैसे मिळाले तर मावशी आपल्या मुलांची सोय तरी करू शकतील.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. एप्रिल संपण्यापूर्वी मावशींबरोबर बसा. सुटीतले तास ठरवा आणि वहीत लिहा. जादा तासाला निदान नेहमीचा दर द्या, जमेल त्याने दीडपट द्यावा. स्वयंपाक वाढला तर त्याचे पैसे वेगळे. आठवड्याला एक पूर्ण सुटी. आणि आपण आठ दिवस गावाला गेलो तर त्यांचे खाडे धरू नका, कारण कुलूप आपण लावलेले असते.

आपल्यापैकी अनेकांच्या आया-आज्या दुसऱ्यांच्या शेतात आणि घरांत राबल्या. मजुरी ठरवण्याच्या वेळी त्यांना कोणी विचारले नाही. आज मजुरी देणारे आपण आहोत. निदान आपण तरी विचारून ठरवू.

जयभीम!