उंबरठा ओलांडण्याची तालीम



बसमध्ये चढणे, दुकानातून चार जिनसा आणणे, दवाखान्यात आपली पाळी येईपर्यंत बसून राहणे, ही कामे सर्वसाधारण माणूस सहज करतो. तीव्र मनोविकाराने ग्रासलेल्या कित्येकांना मात्र तीच डोंगराएवढी वाटतात. लोक आपल्याकडे रोखून पाहत आहेत, काही अपाय करतील, या धास्तीने ते घराचा उंबरठाही ओलांडत नाहीत. औषधोपचार चालू असूनही ही धास्ती पुष्कळदा उरतेच.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ प्रा. डॅनियल फ्रीमन यांनी यावर आभासी वास्तवाचा, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटीचा, उपाय योजला. विद्यापीठातील या संशोधनातून ‘ऑक्सफर्ड व्हीआर’ ही कंपनी उभी राहिली. फ्रीमन हे तिच्या संस्थापकांपैकी एक. डोळ्यांवर हेडसेट चढविला की रुग्णाभोवती संगणकाने रचलेले जग उभे राहते. ते खोटे आहे हे त्याला पुरते ठाऊक असते, तरीही छाती धडधडतेच. उपचाराचे मर्म येथेच आहे. खोटे म्हणून रुग्ण पाऊल टाकण्यास धजतो आणि मनाला खरे भासते म्हणून तो अनुभव कामी येतो.

प्रथम उंचीचे भय असलेल्या १०० जणांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दहा मजली आभासी इमारतीत वर चढत जायचे, झाडावर अडकलेल्या मांजराला सोडवायचे, अशी कामे होती. धीर देणारा मार्गदर्शकही आभासीच. उपचार घेतलेल्यांचे भय सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. कंपनीशी असलेला संबंध संशोधकांनी निबंधातच नमूद केला, हे योग्य झाले. औषध करणाराच गुण सांगू लागला, की तो पारखूनच घ्यावा लागतो.

पुढची परीक्षा अधिक कठीण होती. ‘गेमचेंज’ नावाच्या या प्रयोगात ३४६ मनोरुग्ण सहभागी झाले. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रस्ता, बस, दुकान, उपाहारगृह, दवाखाना अशी दृश्ये त्यात होती. सहा आठवड्यांनी रुग्णांची टाळाटाळ व घालमेल कमी झालेली आढळली. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत एकंदर फरक उरला नाही. अपवाद होता तो ज्यांची धास्ती सर्वांत तीव्र होती त्यांचा. जे घराबाहेर पडूच शकत नव्हते, त्यांना झालेला लाभ टिकून राहिला.

प्रशिक्षित मानसोपचारक थोडे आणि गरजू फार, ही अडचण तेथेही आहे. म्हणून या उपचारासाठी दर वेळी तज्ज्ञच हवा असे ठेवले नाही. तरीही रुग्णाला यंत्राच्या हवाली करून कोणी निघून गेले नाही. आरोग्यसेवेतील एक सोबती खोलीत बसून असे. हा सोबती काही वेळा स्वतःच कधी काळी मानसिक आजारातून गेलेला असे. हेडसेट उतरविल्यावर तो रुग्णाबरोबर ठरवी, की पुढच्या खेपेपूर्वी कोणत्या खऱ्या दुकानापर्यंत जाऊन यायचे.