दाखल-खारीज रजिस्टर ते डेटाबेस
(पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने पुढे काय शिकावे, हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. डॉक्टर, इंजिनिअर, डी.एड., बी.एड. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. आज मी विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे डेटाबेसची रचना व व्यवस्थापन. नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, शेताचा सात-बारा, बँकेचे खाते, रेशनची नोंद, हे सारे आज संगणकात गेले आहे. या नोंदी कशा मांडाव्यात आणि कशा सांभाळाव्यात, हे सांगणारे शास्त्र ते हेच.

एक उदाहरण घ्या. आपल्या वऱ्हाडात 'शेख आरिफ शेख बशीर' असे नाव लिहिण्याची रीत आहे. अर्जावर मात्र नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी असतात. एका ठिकाणी 'शेख' आडनावात जातो, तर दुसऱ्या ठिकाणी 'शेख आरिफ' हे नाव होऊन आडनावाची चौकट रिकामी राहते. 'जाहिद' हे नाव मराठीत एकाच तऱ्हेने लिहिले, तरी इंग्रजीत कोणी ते 'जे'ने लिहितो, कोणी 'झेड'ने. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आरिफ एकच. यंत्राच्या लेखी ती दोन माणसे. मग आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँकेचे खाते यांचा मेळ बसत नाही व हक्काची शिष्यवृत्ती अडकून पडते. पालक मजुरी बुडवून कचेरीच्या चकरा मारतात. अशा वेळी आपण समोरच्या कारकुनाला दोष देतो. परंतु पुष्कळदा चूक त्याच्या आधीची असते. ज्याने चौकटी आखल्या, त्याला आपल्या नावांची रीतच ठाऊक नव्हती.

म्हणून या अभ्यासक्रमाचा पहिला भाग रचनेचा. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीने विद्यार्थी प्रथम आकृती काढतो: विद्यार्थी कोण, शाळा कोणती, त्यांचा परस्परसंबंध काय. त्यावरून तक्ते तयार होतात. तक्त्यांची ही कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली मांडली. त्याबद्दल त्यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. तिचा पाया आहे संचांचे गणित. इयत्ता नववीत शिकलेले संयोग आणि छेद तेथे रोज उपयोगी पडतात. नियम साधे आहेत. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक हवा, कारण एका नावाचे दोन विद्यार्थी असू शकतात. एक गोष्ट एकाच जागी लिहावी. पत्ता तीन वह्यांत लिहिला आणि घर बदलल्यावर एकाच वहीत दुरुस्त केला, तर खरा कोणता हे कोणी सांगावे?

दुसरा भाग व्यवस्थापनाचा. कोणाला नोंद पाहता येईल, कोणाला बदलता येईल, हे ठरवावे लागते. दररोज प्रत काढून ती दुसऱ्या जागी ठेवावी लागते. पैसे एका खात्यातून निघाले आणि तेवढ्यात वीज गेली, तर व्यवहार पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये; अर्धवट राहता कामा नये. या तत्त्वावर काम करणारे जिम ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. लोकांची माहिती ही अमानत आहे, हे आता कायद्यालाही मान्य आहे.

आपल्याला हा विचार नवा नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. नोंद नीट ठेवणे हे दुर्बळाच्या हक्काचे रक्षण आहे, हे त्यातून दिसते.

पूर्वी उच्च शिक्षणासाठी आपली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांत डेटाबेस हा विषय असतोच. त्याचे एक जगप्रसिद्ध पाठ्यपुस्तक सिल्बरशाट्झ, कॉर्थ व सुदर्शन यांचे आहे, यांपैकी एस. सुदर्शन हे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक आहेत. सरावासाठी पोस्टग्रेस ही प्रणाली विनामूल्य मिळते. प्रवेशाच्या अटी मात्र महाविद्यालयात जाऊन नीट विचारून घ्याव्यात.

पालकहो, विशेषतः मुलींच्या पालकांना माझी विनंती आहे. हे काम बसून, विचारपूर्वक आणि काटेकोरपणे करावयाचे आहे, आणि आपल्या मुलींच्या वह्या किती नीटनेटक्या असतात हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. विद्यार्थी मित्रहो, उद्या नव्या चौकटी आखल्या जातील, तेव्हा मेहकर, मलकापूर, खामगावकडची नावे जाणणारा कोणीतरी तेथे बसलेला असावा. तो तुमच्यापैकी असावा. तोपर्यंत आज घरी गेल्यावर एवढे करा: आपले सर्व दाखले एकत्र काढा, प्रत्येकावरील नाव व जन्मतारीख ताडून पाहा, आणि फरक आढळल्यास दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.