कारखान्याचे वीजबिल आणि मोजणाऱ्याचे मानधन



स्मृतिव्याख्यान म्हटले की श्रोते साहित्य, संतवाङ्मय किंवा इतिहास यांवरील विवेचनाची अपेक्षा ठेवून येतात. कारखान्यांचे वीजबिल हा विषय त्या मानाने रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांनी हयातभर गणित शिकविले, आणि बडोदे हे नुसते कलावंतांचे नव्हे, तर कारखान्यांचेही शहर आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले ते उद्योगाला शिकलेला हात मिळावा म्हणून. अलेम्बिक १९०७ मध्ये उभी राहिली, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, आणि राज्याच्या विजेचा कारभार अनेक वर्षे याच शहरातून चालत आला. या सभागृहातील कित्येकांच्या घरची चूल याच उद्योगांवर पेटली आहे. तेव्हा हा विषय परका नाही.

ऊर्जेविषयीचे आणि पर्यावरणाविषयीचे सरकारी धोरण उद्योगाला मारते की तारते, हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, प्रत्येक नवा नियम म्हणजे नफ्यावर घाला. दुसरा पक्ष मायकल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या विचाराचा आधार घेतो : कडक पण शहाणा नियम कारखानदाराला नवे मार्ग शोधायला लावतो आणि त्यातून त्याचा फायदाच होतो. दोन्ही पक्ष बहुधा श्रद्धेने बोलतात. याउलट गेल्या दोन दशकांत गुजरातच्याच कारखान्यांत काही अर्थशास्त्रज्ञांनी हा वाद प्रत्यक्ष पारखून पाहिला. त्यांची रीत साधी आहे. कारखान्यांची यादी करायची, चिठ्ठ्या टाकून तिचे दोन गट पाडायचे, एका गटाला नवी योजना लागू करायची, दुसऱ्याला जुन्याच व्यवस्थेत ठेवायचे, आणि दोन वर्षांनी दोघांत काय फरक पडला ते मोजायचे. औषधाची परीक्षा जशी घेतात तशीच ही धोरणाची परीक्षा.

प्रथम विजेच्या टंचाईविषयी थोडे. तिच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, तेथे जुन्या आकडेवारीवरूनच निष्कर्ष काढावे लागतात. हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातील टंचाईमुळे सरासरी कारखान्याचे उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटत होते. उत्पादकतेची हानी मात्र पुष्कळच कमी होती, कारण वीज गेली तरी कापड, लोखंड वा रसायन गोदामात टिकून राहते आणि वीज आल्यावर ते वापरता येते. खरा मार बसला तो लहान कारखान्यांना. मोठ्याला डिझेलचे जनित्र दर युनिटमागे स्वस्त पडते. लहानाला ते परवडत नाही. म्हणजे टंचाई ही सगळ्यांवर सारखी पडणारी आपत्ती नव्हती. ती लहानांवर लादलेली एक अघोषित पट्टी होती.

आता बचतीकडे वळू. ‘विजेची बचत म्हणजेच विजेची निर्मिती’ हे वाक्य आपण भिंतींवर वाचत आलो आहोत. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच या समजुतीला धक्का दिला होता. त्यांनी दाखविले की स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही खाली आला, आणि तरी १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण खप दसपट झाला. कारण उघड आहे. कोळसा कमी लागू लागला, म्हणून लोखंड स्वस्त झाले. लोखंड स्वस्त झाले, म्हणून त्याच्या भट्ट्या वाढल्या.

हे एकोणिसाव्या शतकाचे झाले, असे कोणी म्हणेल. निकोलस रायन यांनी गुजरातमधील वीजखाऊ कारखान्यांवर याच प्रश्नाचा प्रयोग केला. चिठ्ठी निघालेल्या कारखान्यांना ऊर्जातज्ज्ञांचा सल्ला देण्यात आला : बॉयलर कसा सांभाळावा, वाफ कोठे गळते, मोटार कोणती बदलावी. कारखान्यांनी भांडवल फारसे गुंतविले नाही, पण सल्ल्यानंतर ते अधिक तास चालू लागले, अधिक कुशल कामगार घेऊ लागले, आणि त्यांचा विजेचा वापर दुसऱ्या गटापेक्षा ९.५ टक्क्यांनी अधिक भरला. येथे थांबून एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या आकड्यामागची प्रमाण-त्रुटी ७.३ टक्के आहे, म्हणजे वाढ नक्की झालीच असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र सल्ल्याने वीजवापर घटेल ही जी अपेक्षा होती, तिला या प्रयोगात आधार मिळाला नाही, एवढे निश्चित. कारखानदाराच्या दृष्टीने यात वाईट काहीच नाही. त्याला ऊर्जेची किंमत अधिक चांगली वसूल करता आली. परंतु धोरण आखणाऱ्याने कारखान्याची बचत आणि देशाची बचत या दोन गोष्टी एकच मानल्या, तर त्याचा हिशेब चुकतो.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत उद्बोधक वाटतो, म्हणून त्यावर जरा अधिक वेळ घेतो. गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये राज्यात पर्यावरण-लेखापरीक्षणाची योजना आली. अधिक प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्याने दरवर्षी बाहेरच्या मान्यताप्राप्त तपासनीसाकडून धुराड्याची व सांडपाण्याची तपासणी करून घ्यायची आणि अहवाल गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. कागदावर योजना चोख होती. एका तपासनीसाने किती कारखाने घ्यावेत, एकाच कारखान्याकडे सलग किती वर्षे जावे, यांवरही मर्यादा होत्या. पण तपासनीस निवडायचा कारखान्याने, आणि त्याचे पैसेही द्यायचे कारखान्यानेच. परिणामी तपासनीसांत स्वस्ताईची चढाओढ लागली. प्रामाणिक तपासणीला जेवढा खर्च यावा, त्याहूनही कमी दरात अहवाल मिळू लागले.

एस्थर ड्यूफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत भागांतील ४७३ कारखाने घेतले. निम्म्या कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठीने नेमला गेला, त्याचे मानधन एका मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने दिले गेले, आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्या पथकाने गुपचूप पुन्हा करून पाहिल्या. दुसऱ्या वर्षी तर अचूकपणानुसार मानधनही कमीजास्त केले. जुन्या व्यवस्थेतील अहवालांत धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के दिसत होते; फेरमोजणीत ते ५९ टक्के निघाले. गंमत अशी की कागदावरील आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने उभे होते. परीक्षेत वर्गातील बहुतेक मुलांना नेमके पस्तीस गुण मिळावेत आणि चौतीस कोणालाच मिळू नयेत, तसे हे होते. असा निकाल पाहिला, तर शिक्षक तपासणाराला बोलावून घेतील.

नव्या व्यवस्थेत खोटे ‘उत्तीर्ण’ अहवाल ८० टक्क्यांनी कमी झाले. तपासनीस तेच होते, यंत्रे तीच होती, ज्ञान तेच होते. बदलले ते एवढेच की पैसे कोणाच्या हातून येतात. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. अहवाल खरे येऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषण प्रत्यक्षात कमी केले, आणि ज्यांचे प्रदूषण सर्वाधिक होते त्यांनी ते अधिक कमी केले. मंडळाने २०१५ मध्ये तपासनीस चिठ्ठीने नेमण्याची पद्धत स्वीकारली. आपल्याकडे संशोधनाने नियम बदलल्याची उदाहरणे थोडी आहेत, त्यांत हे एक धरावे.

मग नुसत्या तपासण्याच का वाढवू नयेत, असा प्रश्न येतो. त्याचेही उत्तर याच संशोधकांनी ९६० कारखान्यांवर शोधले. निम्म्यांकडे सरकारी निरीक्षकांच्या फेऱ्या दुपटीहून अधिक केल्या. सरासरी प्रदूषण जवळपास होते तेथेच राहिले. कारण मंडळाचे अधिकारी आपल्या मर्जीने ज्या मोजक्या फेऱ्या करीत, त्या अत्यंत घाण करणाऱ्यांकडेच करीत. चिठ्ठीने वाढविलेल्या फेऱ्या मर्यादा थोडीशी ओलांडणाऱ्यांकडे गेल्या, आणि त्यांना कोणी कठोर दंड करीत नव्हते. अधिकाऱ्याच्या अनुभवाला आपण सहसा किंमत देत नाही. येथे ती आकड्यांतून दिसली.

सुरतेत याच्याही पुढे पाऊल पडले. तेथील प्रामुख्याने कापड रंगविणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्या बॉयलरमध्ये कोळसा व लिग्नाइट जाळतात. २०१९ मध्ये मंडळाने तेथे धूलिकणांची बाजारपेठ सुरू केली. कणरूप प्रदूषणासाठी अशी ही जगातील पहिली मानली जाते. धुराड्यात सतत मोजणारे यंत्र बसते. बाजारातील साऱ्या गिरण्यांनी मिळून किती धूळ सोडावी याची कमाल मर्यादा ठरते, आणि तेवढ्याच धुळीचे परवाने वाटले जातात वा लिलावात विकले जातात. ज्या गिरणीला धूळ स्वस्तात आवरता येते ती उरलेले परवाने विकते. जिला ते महाग पडते ती विकत घेते. वर्षाखेरीस परवाने अपुरे पडले, तर आधी भरलेल्या अनामतीतून भरपाई कापली जाते. ३१७ गिरण्यांपैकी १६२ या बाजारात होत्या, उरलेल्या जुन्या नियमांखाली. बाजारातील गिरण्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली, आणि तेवढेच प्रदूषण आवरण्याचा खर्च जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी आला. नियम कडक झाला की धंदा बुडतो या म्हणण्याला सुरतेच्या व्यापाऱ्यांनीच असे उत्तर दिले. अर्थात ही एका शहरातील, एकाच धाटणीच्या गिरण्यांची गोष्ट आहे, आणि धूलिकण म्हणजे कार्बन नव्हे. ते शेजारच्या वस्तीत उतरतात, त्यामुळे त्यांचा जाच लवकर जाणवतो.

या पार्श्वभूमीवर देशाच्या धोरणाकडे पाहू. २०१२ ते २०१५ या पहिल्या आवर्तनात केंद्र सरकारने आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये दिली. लक्ष्य सुमारे ६६.९ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचे होते, आणि बचत ८६.७ लाख टनांची झाल्याचे जाहीर झाले. हे यश मी नाकारीत नाही. पण हे लक्ष्य दर टन उत्पादनामागील ऊर्जेचे होते, एकूण ऊर्जेचे नव्हे. म्हणजे जेव्हन्सचा प्रश्न तेथे विचारलाच गेला नाही. शिवाय योजनेबाहेर ठेवलेला, चिठ्ठीने निवडलेला दुसरा गट नव्हता. नवी यंत्रे येतच होती. त्यांतील किती बचत योजनेमुळे आणि किती योजनेविनाही झाली असती, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. आणि बचतीची पडताळणी करणारा मान्यताप्राप्त लेखापरीक्षक? त्याची नेमणूक त्या त्या कारखान्यानेच करावयाची होती.

२०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांची लक्ष्ये जाहीर झाली, तीही दर टन उत्पादनामागचीच. विकसनशील देशाने उत्पादनाला आळा घालू नये म्हणून हा मार्ग धरला, हे समर्थन मला मान्य आहे. माझा आग्रह दोनच बाबींपुरता आहे. दर टनामागची घट ही एकूण घट म्हणून सांगितली जाऊ नये. आणि पडताळणी करणाऱ्याची निवड चिठ्ठीने व्हावी, त्याचे मानधन कारखान्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या मध्यवर्ती निधीतून जावे, आणि काही मोजण्या पुन्हा करून पाहिल्या जाव्यात. याला लागणारा खर्च कार्बनच्या एकूण व्यवहाराच्या मानाने किरकोळ आहे. अहमदाबाद आणि सुरतेच्या कारखान्यांत ही रीत चाललेली आहे. ती सिमेंटच्या भट्टीपाशी का चालू नये, याचे समाधानकारक कारण मला आजवर कोणी दिलेले नाही. या सभागृहात उद्योग चालविणारे आणि तपासणी करणारे, असे दोन्ही प्रकारचे माजी विद्यार्थी बसलेले आहेत. त्यांच्याकडे ते असेल, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी मी अवश्य ऐकेन.