जेलातून आला, आता कॉलेजात
(कोन, ता. भिवंडी येथील बैठकीतील भाषण)

एकसाली प्लॉटांपायी आपली पोरं जेलात गेली. जामिनावर सुटली, पण शाळा सुटली ती सुटलीच. दहावी नाही म्हणून कॉलेज बंद, असं कुणी सांगितलं? नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. दहावीविना प्रवेशाची आजची अट काय, ते तिथं विचारून घ्या, मग नाव घाला. मजुरी करून शिकता येतं.

खरी अडचण तारखेची. पेपर आणि कोर्ट एकाच दिवशी आलं की पोरगं पेपर सोडतं. सोडू नका. वेळापत्रक हाती येताच वकिलाला द्या, हजेरीमाफीचा अर्ज टाकायला लावा. न सांगता राहिलात तर वॉरंट निघतं. फीची वर्गणी गावानं करायची. जमीन काय त्या एकट्याची होती? ज्याला नाव घालायचंय त्यानं आज उठायच्या आधी सांगा.