न झालेले विमान

नेवाशाचे नाव काढले की आपल्याला प्रवरेचा काठ आठवतो, पैसाचा खांब आठवतो, ज्ञानेश्वरी आठवते. तेव्हा नेवाशाचा एक प्राध्यापक विमानावर बोलणार म्हटल्यावर आपल्याला जरा नवल वाटेल. त्यातून ते विमान तर कधी तयारच झालेले नाही! पण थोडे ऐकून घ्या.

मी इतिहास शिकवतो. रविवारी सकाळी पाच-सात मुले माझ्या पडवीत जमतात आणि आम्ही जुन्या विमानांच्या लहान प्रतिकृती करतो. सामान काय, तर जुन्या लग्नपत्रिका, बांबूच्या कामट्या, खळ आणि ज्वारीच्या धाटातले भेंड. भेंडाच्या बैलगाड्या आपण सगळ्यांनीच लहानपणी केल्या आहेत. आम्ही त्याच भेंडाची इंजिने करतो, एवढेच.

आमचे आवडते विमान म्हणजे टायगर मॉथ. एकावर एक असे दोन पंख असलेले हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९३१ साली इंग्लंडात प्रथम उडाले. पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली, आणि आपल्या हवाई दलातले कितीतरी वैमानिक त्यावरच उडायला शिकले. त्याचे इंजिन १३० अश्वशक्तीचे. चार सिलिंडर एकामागे एक, एका ओळीत, आणि तेही उलटे टांगलेले. त्यामुळे पंख्याचा दांडा वर राहतो, नाक निमुळते होते आणि वैमानिकाला पुढचे दिसते.

दुसऱ्या जातीचे इंजिन म्हणजे रेडियल. यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले असतात. एका चक्रातल्या सिलिंडरांची संख्या नेहमी विषम असते, ती का, हे गुरुजींनी वर्गात जरूर विचारावे. अशा इंजिनात दांड्याचे दोन फेरे झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. पाच सिलिंडर असतील तर एक सोडून एक मोजा : एक, तीन, पाच, दोन, चार. सगळे सारख्या अंतराने आले. आता सहा घेऊन पाहा. एक, तीन, पाच, आणि पुन्हा एक! दोन, चार, सहा यांची पाळी तशी येतच नाही.

दोन वर्षांमागे एका मुलाने विचारले, “सर, टायगर मॉथला रेडियल इंजिन असतं तर?” दुसरा लगेच म्हणाला, “नव्हतं ना! मग कशाला?” मला पहिल्याचा प्रश्न आवडला. कारण तो हवेतला नव्हता. १९२५ च्या मॉथ विमानाला पुढे जेनेट नावाचे पाच सिलिंडरांचे रेडियल इंजिन खरोखरच बसवले गेले होते. आणि आपल्याकडे? सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. तिथे पहिल्याप्रथम जुळवलेल्या हार्लो विमानाला वॉर्नर जातीचे सात सिलिंडरांचे रेडियल इंजिन होते. समजा, तेच इंजिन टायगर मॉथला लावायची वेळ आली असती, तर?

‘समजा’ म्हटले म्हणजे वाटेल ते करायला मोकळीक मिळाली, असे नाही. उलट कामाला तिथूनच सुरुवात होते. बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते आणि पुढे आला की बैलांच्या मानेवर ओझे पडते. विमानाचेही तसेच. टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले का असतात? पुढच्या माणसाला हवाई छत्रीसह बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्याने तोल बिघडू नये म्हणून पंख मागे झुकवले.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. समजा, मूळ इंजिन १४० किलोचे आणि तोलाच्या बिंदूपासून दीड मीटर पुढे आहे. गुणाकार २१०. नवे १५० किलोचे असेल तर ते १ मीटर ४० सेंटिमीटरवर यायला हवे. म्हणजे १० सेंटिमीटर मागे. आमची प्रतिकृती विसांश मापाची, पंखांची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. तिच्यात इंजिन अर्धा सेंटिमीटर मागे घ्यायचे. सात सिलिंडरांचा कोन काही कोनमापकावर नीट बसेना. तेव्हा चकतीच्या परिघाएवढी कागदाची पट्टी कापून ती वहीच्या आखलेल्या ओळींवर तिरपी ठेवली. सात घरे धरली आणि खुणा मिळाल्या. भेंडाच्या तुकड्यांवर काळा दोरा गुंडाळला की सिलिंडर तयार!

प्रतिकृती सुरेख झाली. प्रदर्शनात ठेवली. तिच्यापुढची चिठ्ठी मी स्वतः लिहिली : ‘टायगर मॉथ, बंगळूर, १९४१’. ‘काल्पनिक’ हा एक शब्द लिहायचा राहिला. खरे सांगायचे तर राहिला नाही, चिठ्ठीची शोभा जाईल म्हणून मी तो लिहिला नाही.

पुढच्या वर्षी एका मुलीच्या निबंधात वाक्य आले की भारतात अशा रेडियल इंजिनाच्या टायगर मॉथवर वैमानिक शिकत असत. मी विचारले, “हे कुठं वाचलंस?” ती म्हणाली, “सर, तुमच्याच चिठ्ठीवर.” इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही. मी भर वर्गात चूक कबूल केली. तिचे गुण कापले नाहीत; कापायचे तर माझेच कापायला हवे होते.

उपाय आमच्या गावातच सापडला. नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. खापराच्या एका तुकड्यावरून अख्ख्या भांड्याचा आकार मांडणे, हे पुराणवस्तूंच्या अभ्यासातले नेहमीचे काम. त्या कामात सापडलेला भाग सलग रेषेने आणि अंदाजाचा भाग तुटक रेषेने काढण्याची रीत आहे. अंदाज करायला बंदी नाही, पण तो अंदाज आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

आता आमच्या पडवीतही तीच रीत चालते. जे खरोखर होते ते रंगवायचे. जे आमच्या मनातले, ते बिनरंगाचे ठेवायचे. पिवळ्याधमक विमानाला लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पुठ्ठ्याचे नाक पाहून लोक विचारतात, “हे अर्धवट का ठेवलं?” मग मुलेच सांगतात.

गुरुजनहो, ‘असं असतं तर?’ म्हणून विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. बंगळूरच्या त्याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान घडले आणि १९५१ साली उडाले. जे अजून झालेले नाही ते आधी कुणीतरी कागदावर मांडावेच लागते. मुलाला पट्टी द्या, तराजू द्या, हिशेब करायला लावा. आणि शेवटी एक तुटक रेषा काढायला शिकवा. ती मी जरा उशिरा शिकलो.