प्रागची यहुदी पेठ

व्ल्टावा नदीच्या कांठच्या प्राग शहरांत जुन्या चौकापासून उत्तरेकडे थोडें चाललें, कीं योसेफोव्ह ही पेठ लागते. शतकानुशतकें यहुदी लोकांना याच कोंडवाड्यांत राहावें लागे. बादशहा दुसरा जोसेफ यानें त्यांच्यावरील कांहीं जाचक निर्बंध दूर केले. त्याचेंच नांव पुढें पेठेस मिळालें. जुन्या अंधाऱ्या बोळांच्या ओढीनें येणारा प्रवासी मात्र येथें फसतो. १८९३ च्या कायद्यानें, आरोग्यासाठीं म्हणून, बहुतेक घरें पाडण्यांत आलीं आणि त्या जागीं रुंद रस्ते व धनिकांच्या इमारती उठल्या. वांचलीं तीं कांहीं प्रार्थनामंदिरें, नगरगृह आणि दफनभूमि.

नगरगृहावर हिब्रू अक्षरांचें एक घड्याळ आहे. ती लिपि उजवीकडून डावीकडे वाचावयाची, म्हणून त्याचे कांटेहि उलटे फिरतात! शेजारचें ‘जुनें-नवें’ प्रार्थनामंदिर तेराव्या शतकांतील असून तेथें आजहि उपासना चालते. रब्बी लोव यानें मातीच्या पुतळ्यांत जीव घातला व तो गोलेम येथील माळ्यावर पडून आहे, असें वाटाडे मोठ्या रंगानें सांगतात. रब्बी वारला १६०९ मध्यें. ही कथा त्याच्या नांवाशीं फार उशिरां जोडली गेली, हें सांगण्याची तसदी ते सहसा घेत नाहींत.

खरें थांबावें तें दफनभूमींत. येथील सर्वांत जुनी शिळा १४३९ ची. १७८७ नंतर येथें कोणास पुरलें नाहीं. जागा अपुरी, आणि जुनें थडगें उकरणें धर्मानें निषिद्ध. तेव्हां माती टाकून थरावर थर चढविले, खालच्या शिळा उचलून वर रोवल्या. म्हणूनच सुमारें १२,००० शिळा दाटीनें एकमेकींवर कलल्या आहेत. कोहेन कुळाच्या शिळेवर आशीर्वादाचे दोन हात, लेवींच्या शिळेवर पाण्याची झारी. लोवच्या थडग्यावर भाविक खडे ठेवून जातात.

लगतच्या पिंकास मंदिराच्या भिंतींवर शिळा नाहींत, नुसतीं नांवें आहेत. बोहेमिया व मोराव्हियांतील ७७,००० हून अधिक यहुदी नाझींनीं मारले, त्यांचीं. १९५० नंतरच्या दशकांत तीं हातानें लिहिलीं गेलीं. १९६८ नंतर मंदिर बंद झालें व अक्षरें नाहींशीं झालीं. १९९२ ते १९९६ मध्यें पुन्हां एकेक नांव लिहावें लागलें. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणींतील मुलांचीं चित्रें आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार बाई त्यांना चोरून शिकवीत असे. दोन पेट्यांत सुमारें ४,५०० चित्रें मागें ठेवून ती १९४४ मध्यें ऑश्वित्झला गेली. प्रत्येकानें चित्रावर आपलें नांव घालावें, असा तिचा आग्रह असे. त्या मुलांपैकीं पुष्कळांच्या मृत्यूचें सालहि तेंच, १९४४.